सातव्या पत्र्यावरचा अंगठा

मामांचा रात्रीचा जप आटोपला होता. माळ डोळ्यांना लावून त्यांनी पिशवीत ठेवली आणि स्वयंपाकघरात चाललेला वाद ऐकून ते काठी टेकीत तेथे आले. भाच्याने त्याच दिवशी तापमान मोजण्याची बंदूक विकत आणली होती. स्टीलच्या किटलीत पाणी खळखळत होते आणि तो त्या किटलीवर बंदूक रोखून हताश उभा होता.

"अडतीस," तो म्हणाला. "पाणी उकळतंय आणि ही म्हणते अडतीस. दुकानदाराने चक्क गंडवलं."

"किटलीला थोडी कणकण असेल," त्याची बहीण म्हणाली. "कपाळावर ओली पट्टी ठेव."

मामा हसले. "बंदूक शहाणी आहे रे. तूच तिला भलत्या साक्षीदारापुढे उभं केलंस. बुटाचं काळं पॉलिश आण जरा."

पॉलिश आले. मामांनी चमच्याच्या दांड्याला चिंधी गुंडाळली, ती पॉलिशात बुडवली आणि किटलीच्या पोटावर रुपयाएवढा जाडसर काळा ठिपका दिला.

"मामा, बोटानेच लावायचं की. चमचा कशाला खराब केलात?"

"तापलेल्या वस्तूला बोट लावू नये. हे लक्षात ठेव, पुढे उपयोगी पडेल. आता ठिपक्यावर धर."

"ब्याण्णव," भाचा म्हणाला.

"सकाळी मामी किटली बघतील तेव्हा खरा ताप चढेल," भाची म्हणाली.

मामा खुर्चीवर बसले. तापलेली प्रत्येक वस्तू डोळ्यांना न दिसणारे किरण बाहेर टाकते, त्यांना अवरक्त किरण म्हणतात, आणि ही बंदूक तेवढेच मोजते, असे त्यांनी सांगितले. काळी वस्तू कृपण नसते. जेवढे अंतरी, तेवढे ती बाहेर देऊन टाकते. चकचकीत वस्तूचे तसे नव्हे. ती आपली आग पोटात दडवते आणि वर समोरच्याचीच ऊब आपली म्हणून दाखवते. कोणती वस्तू आपल्या उष्णतेचा किती वाटा बाहेर सोडते, हे आधी ओळखावे लागते. ते न ओळखता केलेली मोजणी म्हणजे गोड बोलणाऱ्याच्या शब्दावर विसंबणे.

"एकजण असा विसंबला होता," मामा म्हणाले. "माझा स्नेही. ऐकायचं असेल तर तो मोठा दिवा मालवा आणि बसा. मध्ये उठायचं नाही."

दिवा मालवला गेला. मामा सांगू लागले.

मामांच्या त्या स्नेह्याचा व्यवसायच भट्ट्यांची उष्णता मोजण्याचा होता. पोलादाची असो, चिनी मातीची असो, काचेची असो, ज्या आगीजवळ माणसाला जाता येत नाही तिच्यावर तो दुरून बंदूक रोखी आणि तिचा आकडा सांगे. कारखान्यांतून सारे त्याला मोजणीदार म्हणत. जानेवारीची एकोणीस तारीख होती, वार गुरुवार. रात्री दहा वाजून चाळीस मिनिटांनी तो एका काचकारखान्याच्या फाटकातून आत शिरला. काम साधे होते. काचेच्या भट्टीच्या मागच्या भिंतीवर बारा लोखंडी पत्रे बसवलेले होते. त्यांची मोजणी करायची आणि भट्टी आणखी वर्षभर चालवण्यास हरकत नाही, अशा दाखल्यावर सही करून घरी जायचे. रात्रीची वेळ त्याने स्वतःच मागून घेतली होती, कारण दिवसा छपरातल्या काचांमधून ऊन पत्र्यांवर पडे आणि ती उष्णता मोजणीत मिसळे.

काम साधे होते, पण त्याचे मन साधे नव्हते. कारण त्या भिंतीशी त्याचे जुने देणेघेणे होते.

पूर्वी ती भिंत वस्ताद मोजीत. वस्ताद म्हणजे मोजणीदाराचे गुरू. त्याच्या हातात पहिली बंदूक त्यांनीच दिली होती. वस्तादांच्या खिशात काळ्या रंगाची एक डबी कायम असे, कितीही आच लागली तरी न जळणारा रंग. मोजायच्या वस्तूवर आधी त्या रंगाचा ठिपका द्यायचा आणि मग त्या ठिपक्यावरच बंदूक रोखायची, हा त्यांचा नेम. वस्तू थंड असेल तर ठिपका अंगठ्याने, तापलेली असेल तर हातभर काठीला चिंधी बांधून. त्यांच्या उजव्या अंगठ्यावर काचेने कापल्याचा आडवा व्रण होता. त्यामुळे अंगठ्याच्या ठशात मधोमध एक कोरी रेघ उमटे. शिष्य थट्टेने म्हणत, वस्तादांची सहीच ती.

मागच्या वर्षी वस्तादांनी सातव्या पत्र्याचा आकडा लिहिला होता तीनशे अठ्ठ्याऐंशी. त्याचा अर्थ एवढाच, की आतल्या वितळलेल्या काचेने तिथल्या विटा खाल्ल्या आहेत आणि भिंत फार दिवसांची सोबती नाही. भट्टीप्रमुखाला ते पटले नाही. म्हाताऱ्याची नजर गेली, हात कापतात, असे म्हणून त्याने फेरतपासणीला मोजणीदाराला बोलावले. शिष्य आला. नवी बंदूक, स्वच्छ कपडे. अंगठा काळा करून घेण्याचा त्याला केव्हाच कंटाळा आला होता आणि ती डबी त्याने बाळगणे सोडले होते. पत्रे तेव्हा नुकतेच चंदेरी रंगाने रंगवलेले होते. तो रंग त्याला दिसला. पण घाई होती, आणि वस्तू किती वाटा बाहेर सोडते तो आकडा बंदुकीत आधी लावावा लागतो, तो गंजलेल्या पत्र्यासाठी लावलेला होता, तो बदलायचा तो विसरला. सातवा पत्रा, एकशे एकसष्ट. तसे त्याने लिहून दिले.

वस्तादांनी तो कागद वाचला.  महिन्याभरात ते झोपेतच गेले.

"मग त्यांना चूक कळली होती का?" भाचीने विचारले.

"कोणाला?"

"तुमच्या स्नेह्याला."

"पुरती नव्हे," मामा म्हणाले. "शंका होती. माणूस शंकेला वर्षभर सहज पोसतो. चूक मात्र एक रात्र पोसवत नाही. ऐका."

भट्टीप्रमुख दारातच भेटला. हसतमुख, गळ्यात शिट्टी, हातात तयार दाखला.

"या, या. मागच्या खेपेला अर्ध्या तासात आमचा जीव भांड्यात पाडलात. यंदाही तेवढंच करा."

"ते भिंत ठरवेल."

"भिंतीचं काय घेऊन बसलात? भिंत तुमच्या बंदुकीचंच ऐकते."

मोजणीदार चालता चालता थांबला. हे वाक्य सहज आले, की मुद्दाम? त्याने मागे वळून पाहिले. भट्टीप्रमुख हसतच होता.

भट्टीच्या पुढच्या अंगाला यंत्रे खडखडत होती. लाल काचेचे गोळे साच्यांत पडत होते आणि चाळीस माणसे रात्रपाळीला उभी होती. भिंत फुटली तर दीड हजार अंशांची काच याच माणसांच्या पायांशी येणार होती. मागच्या अंगाला मात्र एक अरुंद बोळ होता. एका बाजूला भट्टी, दुसऱ्या बाजूला विटांची भिंत, आणि ये-जा करायला एकच दार. त्या दारात भट्टीप्रमुख खांदा टेकवून उभा राहिला.

"तुम्ही गेलात तरी चालेल," मोजणीदार म्हणाला.

"असू दे. एकट्याला सोडू नये अशी जागा आहे."

"का?"

"गरम असते ना," तो म्हणाला.

मोजणी सुरू झाली. पहिला पत्रा एकशे तीस. दुसरा एकशे छत्तीस. चंदेरी रंग विजेरीच्या उजेडात चमकत होता. या वेळी मोजणीदाराने बंदुकीतला आकडा बदलायचे ठरवले होते, पण चंदेरी रंग किती जुना, त्यावर धूळ किती, राखेचा थर किती, हे कळल्याशिवाय नवा आकडा लावायचा कोणता? अदमासानेच लावावा लागला असता. आधी सगळे पत्रे एकदा तसेच मोजून घेऊ, मग पाहू, असे त्याने ठरवले. तिसरा, चौथा, पाचवा, सहावा. सातव्यावर आकडा आला एकशे बहात्तर.

आणि त्याच पत्र्यावर, नजरेच्या उंचीला, एक काळा ठिपका होता.

मोजणीदाराच्या कपाळाला आठी पडली. वस्तादांची खूण या कारखान्यात सगळ्यांना ठाऊक होती. कोणीतरी त्याची परीक्षा पाहत होते, किंवा थट्टा करीत होते.

"हे काय आहे?"

"कुठे काय? ग्रीस असेल," दारातून उत्तर आले. भट्टीप्रमुख जागचा हललाही नाही.

मोजणीदाराने खिशातला सुती रुमाल काढला, त्याची चौपदरी घडी केली आणि ठिपका पुसला. पुसताना करपल्याचा वास आला. रुमाल पाहिला तर तीन पदर तपकिरी होऊन भोक पडले होते. त्याने जळका रुमाल नाकाशी धरला. एकशे बहात्तर अंशाला सुती कापड असे क्षणात करपत नाही. हे तो जाणत होता. जाणत असूनही तो पुढे गेला. आठवा, नववा, दहावा... बाराव्यावर पोचेपर्यंत त्याचे लक्ष आकड्यांवर नव्हतेच. पाठीमागे कोणी आहे, असे त्याला वाटत होते. पंख्यांची घरघर, भट्टीचा दाह, आणि मानेच्या मागे मात्र गार.

तो वळला. बोळ रिकामा होता. दारात भट्टीप्रमुख, तसाच, खांदा टेकवून.

सातव्या पत्र्यावर ठिपका होता.

तो जवळ गेला. ओला होता. विजेरीच्या उजेडात चकाकत होता.

"इकडे या," तो म्हणाला.

"काय झालं?"

"या म्हणतो ना. हात दाखवा."

"शाळा भरलीय का? नखं तपासणार?"

"हात दाखवा."

भट्टीप्रमुखाने दोन्ही हात पुढे केले. पंजे, बोटे, अंगठे. स्वच्छ. घाम होता, रंग नव्हता. मोजणीदाराने स्वतःचे हात विजेरीखाली धरले. तेही स्वच्छ. बोळाला दार एकच, आणि त्या दारातून कोणी आले नव्हते. दार अडवून जो उभा होता त्याचाच त्याला सर्वांत जास्त संशय होता, आणि त्या संशयाला चिकटून राहण्यातच थोडा धीर होता.

"आता इथे कोण आलं होतं?"

"कोणी नाही."

"तुम्ही जागचे हलला होतात?"

"अहो, मी काय तुमचा आरोपी आहे?"

मोजणीदाराने विजेरी ठिपक्याच्या अगदी जवळ नेली.

रेषा दिसत होत्या. बारीक, गोलाकार, एकात एक. अंगठा होता तो. आणि त्या रेषांच्या मधोमध... आडवी... एक कोरी रेघ.



त्याने बंदूक उचलली.  ठिपक्यावर धरली.

चारशे एकतीस.

पुन्हा धरली.

चारशे एकतीस.

बाजूच्या चंदेरी रंगावर धरली. एकशे बहात्तर. पत्रा एकच होता. भिंत एकच होती. मधे फक्त एका अंगठ्याचा काळा रंग.

"काय आकडा?" भट्टीप्रमुखाने विचारले.

मोजणीदाराने बंदूक पुन्हा ठिपक्यावर आणली.

"अहो, आकडा काय?"

मोजणीदार पत्र्याकडे पाहत होता. चारशे एकतीस. या पत्र्याला काठीला चिंधी बांधूनच रंग लागू शकतो. उघडे बोट टेकले, तर कातडी पत्र्यालाच राहील. आणि इथे रेषा होत्या. एकही रेष भाजलेली नव्हती. सावकाश, दाबून, नीट टेकवलेला अंगठा...

कोणत्या माणसाचा?

"लिहा ना एकशे बहात्तर," भट्टीप्रमुख हळूच म्हणाला. "मागच्या वर्षी लिहिलंत, तसंच."

मोजणीदाराने त्याच्याकडे पाहिले.

"हा चंदेरी रंग कोणी लावला?"

"मीच लावून घेतला. वरचे साहेब येणार होते. बरं दिसतं."

"कधी?"

"मागच्या वर्षी."

"वस्तादांच्या मोजणीच्या आधी, की नंतर?"

भट्टीप्रमुखाने गळ्यातली शिट्टी चाचपली. 

"नंतर," शेवटी तो म्हणाला. "पण रंगाने आकडा बदलतो, हे मला काय ठाऊक?"

हे खरे की खोटे, ते मोजणीदाराला त्या रात्री कळले नाही, आणि पुढेही कळले नाही. त्या माणसाची नजर त्या वेळी पत्र्याकडे नव्हती, त्याच्याकडेही नव्हती. ती ठिपक्याच्या किंचित डावीकडे, रिकाम्या जागेकडे होती. तिथे पाहू नये असे वाटूनही पाहणाऱ्या माणसासारखी.

मोजणीदार बोळाबाहेर धावला. बर्नरजवळची काजळी त्याने तेलात कालवली, लोखंडी सळीला चिंधी बांधली आणि परत येऊन सातव्या पत्र्यावर तीन ठिकाणी ठिपके दिले. चारशे एकोणतीस. चारशे चौतीस. चारशे एकतीस. सहाव्या पत्र्यावर एक ठिपका दिला. तीनशे बत्तीस. आता अंगठ्याची साक्ष वगळली तरी भिंतीचे खरे पोट उघडे पडले होते.

दाखल्याचा कागद त्याने गुडघ्यावर धरला. पुढे काय लिहायचे ते त्याला कळत होते आणि पेन उचलवत नव्हते. हा आकडा लिहिला, तर मागच्या वर्षीचा त्याचा आकडा खोटा ठरत होता. सगळ्या कारखान्यांतून त्याचे नाव जाणार होते. आणि ज्या कागदाने वस्तादांना वेडे ठरवले, तो कागद त्याच्याच हातचा होता, हेही जगजाहीर होणार होते. न लिहावे, तर भिंतीपलीकडे चाळीस माणसे. ती शिट्ट्या ऐकत होती, हसत होती, साचे उचलत होती.

त्याने लिहिले: सातवा पत्रा चारशे एकतीस. भट्टी तत्काळ थांबवावी. गेल्या वर्षीची माझी मोजणी चुकीची होती. वस्तादांची बरोबर होती. खाली सही, वेळ एक वाजून पंचवीस मिनिटे.

मग त्याने भट्टीप्रमुखाच्या गळ्यातली शिट्टी ओढून घेतली आणि स्वतःच वाजवली.

माणसे बाहेर आली. कोणी कुरकुरले, कोणी शिव्या घातल्या. आग कमी करण्यात आली, यंत्रे थांबली. तीन वाजून दहा मिनिटांनी मागच्या भिंतीतून दगड फुटावा तसा आवाज झाला. सातव्या पत्र्याच्या पायथ्यातून काच बाहेर आली आणि भट्टीखालून पलीकडे, यंत्रांपाशी, पावणेदोन तासांपूर्वी जिथे माणसे उभी होती त्या फरशीवर पसरत गेली. पिवळीजर्द, मुकाट, मधासारखी.

एकालाही इजा झाली नाही.

मामा थांबले.  ओट्यावर किटली निवत होती.

"आणि तुमचे स्नेही?" भाच्याने विचारले.

"त्याचं काम गेलं. त्याने नव्याने सुरुवात केली, डबी खिशात बाळगून. शेवटपर्यंत अंगठा काळाच असायचा त्याचा. दोन वर्षांपूर्वी गेला तो. जाताना माझ्याकडे एक वस्तू देऊन गेला. म्हणाला, तुझ्या देवाजवळ ठेव, मला घरात ठेववत नाही."

मामा उठले. देवापुढच्या फळीखालचा कप्पा उघडून त्यांनी सुती कापडाची एक घडी आणली आणि मेजावर सोडली. आत तळहाताएवढा लोखंडी पत्र्याचा तुकडा होता. काठ कापलेले. चंदेरी रंग जळून गेला होता आणि पत्रा आगीने निळा-तांबूस झाला होता. मधोमध काळा अंगठा. रेषा जशाच्या तशा. आडवी कोरी रेघ.

भाचीने बोट पुढे केले. मामांनी अडवले नाही.

"गार आहे," ती म्हणाली. "चांगलाच गार आहे."

"आता बंदूक लाव."

भाच्याने आधी मेजावर धरली. एकवीस. पत्र्याच्या जळक्या कडेवर धरली. एकवीस. मग अंगठ्यावर.

आकडा पाहून त्याने ती पुन्हा धरली.

"किती?" भाचीने विचारले.

"सदतीसला एक दशांश कमी... म्हणजे छत्तीस पूर्णांक नऊ." त्याने बंदूक खाली घेतली. "आपल्याच अंगाची ऊब असणार. तीच परत फिरून येत असेल. मामा म्हणाले ना, समोरच्याची..."

"ते चकचकीत वस्तूचं," भाची हळू आवाजात म्हणाली. "हा काळा आहे."

 मामांनी माळ पुन्हा हातात घेतली होती.

भाच्याने बंदूक किटलीकडे वळवली. पॉलिशचा ठिपका एव्हाना निवून सव्वीसवर आला होता. त्याने ती पुन्हा मेजाकडे आणली, पुन्हा अंगठ्यावर धरली, आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली.

छत्तीस पूर्णांक नऊ.